साधन विरघळते तेव्हा

शरीराला बाहेरून मिळालेल्या आधाराने आपले काम संपल्यावर तिथेच राहावे, निघून जावे की शरीरात मिसळून जावे, हा प्रश्न शस्त्रवैद्यकात आज योग्य पदार्थ निवडण्याचा प्रश्न मानला जातो आणि त्याचे उत्तर धातू, रसायने व पेशी यांच्या भाषेत दिले जाते. परंतु साध्य हाती आल्यानंतर साधनाचे काय होते, हा भारतीय दर्शनांतील एक जुना वादविषय आहे, आणि जबड्याची चुकीची बसण सुधारताना वापरल्या जाणाऱ्या विरघळणाऱ्या पट्ट्या व स्क्रू त्या वादाकडे नव्याने पाहायला लावतात. दर्शनांनी दिलेले दृष्टान्त या पट्ट्यांना कितपत लागू पडतात हे तपासू लागल्यावर पट्ट्यांबरोबर दृष्टान्तांचीही परीक्षा होते.

वरच्या आणि खालच्या जबड्याची वाढ परस्परांशी जुळली नाही, तर दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, चावणे व बोलणे अवघड होते, आणि काही रुग्णांत खालचा जबडा इतका मागे राहतो की झोपेत श्वासमार्ग अडतो. दोष दातांत नसून हाडांत असल्यामुळे नुसत्या तारा लावून तो जात नाही. म्हणून हाड ठरवून कापले जाते, कापलेला भाग नव्या जागी सरकवला जातो आणि सांधा जुळेपर्यंत तो स्थिर धरला जातो. झुरिकमध्ये काम केलेले शल्यविशारद ह्यूगो ओब्वेगेझर यांनी १९५० च्या दशकात खालच्या जबड्याचे हाड दोन्ही बाजूंना आतल्या व बाहेरच्या थरांमधून चिरण्याची पद्धत मांडली, आणि ती काही सुधारणांसह आजही चालते. वरच्या जबड्याचा छेद फ्रेंच शल्यविशारद रने ल फोर यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी १९०१ साली चेहऱ्याची हाडे आघाताने कोणत्या रेषांवर तुटतात हे नोंदवले होते, आणि जिथे हाड अपघाताने तुटते तिथेच ते हेतुपुरस्सर तोडता येईल, हे पुढच्या पिढ्यांनी त्यावरून ओळखले. जबडा ‘चुकीचा’ आहे हे कोण ठरवते, हा वेगळा आणि अवघड प्रश्न आहे. अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल, ज्यांचे दंतरचनेचे १८९९ मधील वर्गीकरण अजून शिकवले जाते, त्यांनी सुसंवादी चेहऱ्याचा आदर्श म्हणून अपोलोच्या प्राचीन संगमरवरी पुतळ्याकडे बोट दाखवले होते. एका परक्या देवाच्या मूर्तीवरून माणसांचे जबडे मोजण्याची ही कल्पना आज कोणी उघडपणे मांडणार नाही, पण ती पूर्णपणे गेली आहे असेही नाही. प्रस्तुत विवेचनात, जबडा सुधारणे ज्यांना खरोखर आवश्यक आहे अशा रुग्णांचाच विचार केला आहे.

कापलेले हाड धरून ठेवण्यासाठी पूर्वी दोन्ही जबडे तारांनी एकमेकांना बांधून ठेवत आणि रुग्ण सुमारे सहा आठवडे पातळ अन्नावर राही. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये मिशेले व शाम्पी यांच्या कामातून छोट्या धातूच्या पट्ट्या रूढ झाल्या, आणि पुढे टायटॅनियम हा धातू त्यांच्यासाठी जवळजवळ सर्वमान्य ठरला. टायटॅनियमची कीर्ती स्वीडिश संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्यामुळे झाली. हा धातू हाडाशी इतका घट्ट जुळतो की मध्ये मऊ ऊती उरत नाहीत, हे त्यांना आढळले आणि १९६५ साली त्यांनी त्यावर आधारलेले पहिले दंतरोपण केले. अशा पट्टीबद्दल शरीर सहसा तक्रार करत नाही, परंतु ती तिथेच राहते. काही रुग्णांना ती त्वचेखाली हाताला लागते, थंडीत बोचते, क्वचित तिच्याभोवती संसर्ग होतो आणि तिला काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते; वाढत्या वयाच्या मुलांच्या कवटीत तर हाड वाढत गेले की पट्टी आपल्या मूळ जागेवरून सरकलेली दिसते. देह संपल्यावरही ती संपत नाही. टायटॅनियम १६६८ अंश सेल्सियसला वितळते आणि चितेची उष्णता त्याच्या बरीच खाली राहते, त्यामुळे तिसऱ्या दिवशी राख सावडताना अस्थींबरोबर पट्ट्या आणि स्क्रू जसेच्या तसे हाती येतात. नाशिकच्या रामकुंडात किंवा पंढरपूरला चंद्रभागेत अस्थी सोडायला निघालेल्या कुटुंबाने त्या धातूचे काय करावे, याचे उत्तर कोणत्याही अंत्येष्टीच्या पोथीत मिळणार नाही, कारण देहाचा भाग झालेली पण पंचमहाभूतांत परत न जाणारी वस्तू पोथी लिहिणाऱ्यांसमोर नव्हती.

विरघळणाऱ्या इम्प्लांटची कल्पना या चिवटपणाला उत्तर म्हणून आली. १९६६ साली अमेरिकेतील लष्करी वैद्यकीय संशोधनातून आर. के. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांचा, पॉलिलॅक्टिक आम्ल हा पदार्थ शस्त्रक्रियेतील इम्प्लांटसाठी उपयोगी पडू शकेल हे दाखवणारा निबंध प्रसिद्ध झाला, आणि १९७१ मध्ये त्याच पदार्थाने माकडांच्या जबड्याचे मोडलेले हाड जोडल्याचे प्रयोग पुढे आले. पॉलिलॅक्टिक आम्ल हे बहुवारिक आहे, म्हणजे एकाच घटकाच्या लांब साखळ्यांनी बनलेला पदार्थ आहे, आणि इथे तो घटक म्हणजे लॅक्टिक आम्ल, जे दह्यात असते आणि थकलेल्या स्नायूतही तयार होते. शरीरातील पाणी या साखळ्यांमध्ये शिरून त्यांचे दुवे एकेक करून तोडते. आधी पट्टीची ताकद जाते, मग तिचे वस्तुमान कमी होते, आणि शेवटी सुटलेले लॅक्टिक आम्ल पेशींच्या नेहमीच्या ऊर्जाचक्रात शिरून कार्बन डायऑक्साइड व पाणी यांच्या रूपाने बाहेर पडते. जबडा धरून ठेवणारी वस्तू अखेरीस मुख्यतः श्वासावाटे निघून जाते, असे म्हणणे रसायनशास्त्राला धरूनच आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका प्रकारात या आम्लाबरोबर ग्लायकोलिक आम्ल साधारण ८२ ला १८ या प्रमाणात मिसळले होते, ज्यामुळे पट्टी काही आठवडे ताकद टिकवते आणि सुमारे वर्षभरात नाहीशी होते.

या कल्पनेचा सर्वांत आश्चर्यकारक पूर्वज सुश्रुतसंहितेत आहे, आणि वैद्यकाच्या इतिहासाबाहेर त्याची चर्चा जवळजवळ झालेली नाही. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात शल्याचा विचार येतो. शल्य म्हणजे केवळ शरीरात घुसलेला बाण नव्हे. जे काही शरीराला बाधा करते ते सर्व शल्य, अशी तिथली भूमिका आहे, आणि म्हणून शल्याचे दोन प्रकार सांगितले आहेत, बाहेरून आलेले आणि शरीरातच उपजलेले. दात, केस, नखे, बिघडलेले धातू व दोष हेसुद्धा बाधा करू लागले की शल्यच. वस्तू कुठून आली यावर इथे काहीच ठरत नाही, ती काय करते यावर सर्व ठरते. पुढे संहिताकार आणखी एक भेद करतात: सोने, चांदी, तांबे, पितळ, कथील व शिसे यांची शल्ये दीर्घकाळ राहिल्यास पित्ताच्या उष्णतेने विरघळतात आणि शरीराच्या धातूंशी एकरूप होतात, तर शिंग, दात, केस, हाड, बांबू, लाकूड, दगड व माती यांची शल्ये विरघळत नाहीत.

या यादीतील निरीक्षण आजच्या ज्ञानाला धरून नाही, आणि ते तसे आहे असे भासवण्यात अर्थ नाही. सोने शरीरात विरघळत नाही, आणि हाडाचा निर्जीव तुकडा मात्र शरीर हळूहळू खाऊन टाकू शकते. प्राचीनांना सर्व काही आधीच माहीत होते असे सिद्ध करण्याच्या उत्साहात हा उतारा वापरला जाण्याची भीती आहे, म्हणून हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. उताऱ्याचे मोल त्यातील प्रश्नात आहे. परकी वस्तू काढायची की ठेवायची, या द्वंद्वाच्या पलीकडे जाऊन ती शरीराशी एकरूप होईल का आणि किती काळाने, असे विचारणे म्हणजे आपले-परके ही सीमा काळात सरकणारी आहे हे मान्य करणे होय. त्या दृष्टीने पाहता वाकडा वाढलेला जबडा हा रुग्णाचा स्वतःचा असूनही बाधक आहे, आणि प्रयोगशाळेत घडवलेली पट्टी पूर्णतः परकी असूनही बाधक नाही. शस्त्रवैद्य रुग्णाच्या स्वतःच्या हाडाविरुद्ध परक्या वस्तूची मदत घेतो, आणि सुश्रुताच्या व्याख्येत याला विसंगती म्हणता येत नाही.

शिवाय ज्या हाडाला आपले म्हटले जाते तेही स्थिर नसते. अस्थिभक्षक पेशी जुने हाड सतत विरघळवत असतात आणि अस्थिजनक पेशी नवे रचत असतात, आणि प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दशांश भाग दर वर्षी असा बदलला जातो. मिलिंदप्रश्नात बौद्ध भिक्षू नागसेन मिलिंद राजाला रथाच्या भागांत रथ दाखवायला सांगतो, आणि कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भाषेत आणलेल्या एका बौद्ध ग्रंथात तर याहून थरारक कथा आहे: एका प्रवाशाचे अवयव एक पिशाच्च उपटते, दुसरे प्रेताचे अवयव त्या जागी बसवते, आणि सकाळी तो भिक्षूंना विचारतो की आपल्याला देह आहे की नाही. जबड्याच्या इम्प्लांटसंबंधी लिहिताना हा ओळखीचा प्रश्न सर्वांआधी सुचतो, पण तो इथे फार खोल जात नाही. पट्टी बदलीचा अवयव नसते. तिचे नाते ‘मी कोण’ या प्रश्नापेक्षा ‘मला सावरणाऱ्याचे मी काय करू’ या प्रश्नाशी अधिक आहे.

साधनाच्या अंताबद्दल भारतीय परंपरेत दोन दृष्टान्त विशेष प्रसिद्ध आहेत. मज्झिमनिकायातील अलगद्दूपम सुत्तात बुद्ध धर्माला तराफा म्हणतो. पैलतीरी पोहोचलेल्याने कृतज्ञतेपोटी तो डोक्यावर घेऊन फिरू नये. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या आत्मबोधात निवळीच्या बियांचा दृष्टान्त येतो: गढूळ पाण्यात उगाळून टाकलेली निवळी गाळाला खाली बसवते आणि स्वतःही त्याबरोबर बसते, तसे ज्ञान अज्ञान दूर करून स्वतः नाहीसे होते. अद्वैताला या दृष्टान्ताची गरज तार्किक आहे, कारण अज्ञानाचा नाश करणारी ज्ञानवृत्ती नंतर उरली, तर ब्रह्माशिवाय दुसरे काही उरले असा अर्थ होईल आणि अद्वैतच मोडेल. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात ही गोष्ट अधिक निर्दयपणे पुढे नेली. अज्ञानाच्या अपेक्षेने जे ज्ञान म्हणवते ते अज्ञान गेल्यावर टिकू शकत नाही, असे दाखवून त्यांनी साधनाला विजयानंतर मिरवण्याचीही संधी ठेवली नाही.

हे दोन्ही दृष्टान्त पट्टीला लावून पाहिले की त्यांच्यातला फरक उठून दिसतो. टायटॅनियमची पट्टी काढून टाकणे हा तराफ्याचा मार्ग आहे: साधन बाहेर ठेवायचे, आणि त्यासाठी पुन्हा एकदा चीर द्यायची. विरघळणारी पट्टी निवळीच्या जवळची वाटते, पण निवळी पाण्याचे पाणी होत नाही, ती तळाशी गाळ होऊन राहते, आणि भांडे हलले की पुन्हा वर येते. पट्टीने तर शरीराच्या देवघेवीत शिरणे अपेक्षित आहे, जसे अन्न शिरते. तैत्तिरीय उपनिषदाने स्थूल देहाला अन्नमय म्हटले आहे, आणि अन्न परके असूनही देह होऊ शकते हे रोज घडत असल्यामुळेच कदाचित त्यातले आश्चर्य दर्शनांच्या नजरेतून सुटले असावे. जे काही काळ आधार देते आणि नंतर शरीराच्या नेहमीच्या वाटांनी जाते, त्याला साधनापेक्षा सावकाश पचणारे अन्न मानणे अधिक अचूक ठरेल.

परंतु पचणे वेळेवर व्हावे लागते, आणि दृष्टान्त सर्वांत अपुरे पडतात ते इथेच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बेल्जियन शल्यविशारद आल्बँ लाम्बोत यांनी पायाच्या मोडलेल्या हाडावर मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी बसवली. ती आठ दिवसांत विरून गेली आणि त्वचेखाली वायू साठला, म्हणजे हाड जुळायच्या कितीतरी आधी साधनाने साथ सोडली. याच्या उलट टोकाला नेदरलँड्समधील ख्रोनिंगन इथला अनुभव आहे. तिथे गालाच्या मोडलेल्या हाडांसाठी शुद्ध पॉलि-एल-लॅक्टाइडच्या पट्ट्या वापरल्या होत्या, हाडे नीट जुळली होती, आणि तीन वर्षांनंतर काही रुग्ण त्याच जागी सूज घेऊन परत आले. त्या ऊती तपासल्यावर पट्टीचे स्फटिकमय कण पेशींच्या आत आणि भोवती आढळले. हे निरीक्षण १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. साधन विरघळू लागले होते, पण संपले नव्हते, आणि जे आधार होते ते सुश्रुताच्या अर्थाने शल्य झाले होते.

अद्वैताच्या अभ्यासकाला इथे अविद्यालेशाचा वाद आठवणे स्वाभाविक आहे. ज्ञानाने अज्ञान पूर्ण जाते, तर ज्ञानी माणसाचा देह त्याच क्षणी का पडत नाही, या आक्षेपाला उत्तर देताना काही आचार्यांनी अज्ञानाचा थोडा लेश उरतो असे मानले, तर काहींनी सोडलेल्या बाणाप्रमाणे प्रारब्धाचा वेग संपेपर्यंत देह चालतो असे म्हटले. विद्यारण्यांच्या जीवन्मुक्तिविवेकात चौदाव्या शतकात या विषयाला स्वतंत्र ग्रंथाचे रूप मिळाले. हा वाद अनेकांना केवळ शब्दच्छल वाटत आला आहे. प्रत्यक्षात तो अशा एका सत्याशी झगडतो जे शल्यविशारदांना विसाव्या शतकात रुग्णांच्या गालांवर दिसले: नाहीसे होणे ही एका क्षणाची घटना नसते, तिला कालावधी असतो, आणि त्या कालावधीत उरलेल्या अंशाचीही काही करणी असते. गीतेच्या सहाव्या अध्यायात योगावर चढू पाहणाऱ्याला कर्म हे साधन आणि चढलेल्याला शम हे साधन सांगितले आहे, म्हणजे त्यागालाही योग्य वेळ असते हे तिथे मान्य आहे. परंतु ती वेळ कशी ओळखावी, याबद्दल भाष्यकार जितके लिहितात त्यापेक्षा अधिक लिहायला हवे होते.

यातून विरघळणारे साधन नेहमीच श्रेष्ठ, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही, आणि दर्शनाची ओढ इथे वैद्यकाची दिशाभूल करू शकते. २००६ नंतर नेदरलँड्समधील अनेक रुग्णालयांत झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, ज्यांना विरघळणाऱ्या पट्ट्या बसवायच्या होत्या अशा पाचांपैकी जवळपास एका रुग्णात शस्त्रक्रिया चालू असतानाच टायटॅनियम घ्यावे लागले, कारण विरघळणारे स्क्रू बसवताना तुटतात किंवा हाडाला पुरेशी पकड मिळत नाही. पुढील वर्षांच्या पाहणीतही टायटॅनियमच्याच पट्ट्या काढण्याची वेळ कमी वेळा आली. विरघळणाऱ्या पट्ट्या जाड असतात, त्या गरम करून वाकवाव्या लागतात, स्क्रूसाठी आधी हाडात आटे पाडावे लागतात. नाहीसे होण्याचे सौंदर्य बुद्धीला भुरळ घालते, पण चावताना जबड्यावर येणारा भार त्या सौंदर्याची दखल घेत नाही. मुलांच्या कवटीत किंवा कमी भार असलेल्या वरच्या जबड्यात विरघळणाऱ्या पट्टीचा पक्ष बळकट आहे. मोठा भार पेलणाऱ्या खालच्या जबड्यात टिकणारा धातूच अनेकदा शहाणपणाचा आहे, आणि त्याने मरणानंतर राखेत मागे राहावे, ही काही फार मोठी किंमत नाही.

एक प्रश्न मात्र विरघळण्याने सुटत नाही, आणि तो धर्माचा आहे. जबडा पुढे सरकवल्यावर हाडांमध्ये पडलेली फट भरायला कधी कधी हाडाची पर्यायी भुकटी घालतात, आणि दंतवैद्यकात सर्रास वापरली जाणारी अशी भुकटी गाईबैलांच्या हाडांपासून, तर तिच्यावर घालायचे कोलॅजनचे पापुद्रे अनेकदा डुकरापासून बनवलेले असतात. कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेट किंवा मक्याच्या पिठीपासून आंबवून केलेले लॅक्टिक आम्ल यांचे पर्याय उपलब्ध आहेत. इस्लामी धर्मशास्त्रात वस्तूचे पूर्ण रूपांतर झाल्यास तिचे मूळ अशुद्धत्व जाते, असे मानणारा इस्तिहाला हा सिद्धान्त आहे, आणि १९९५ साली कुवेतमध्ये भरलेल्या इस्लामी वैद्यकीय संघटनेच्या परिषदेने जिलेटिनच्या संदर्भात त्याचा आधार घेतला होता. सर्व पंथ तो सारख्याच व्याप्तीने मानत नाहीत. जैन दृष्टी वेगळ्या ठिकाणी उभी आहे, कारण तिच्या लेखी दोष वस्तूच्या अशुद्धतेत नसून ती मिळवताना घडलेल्या हिंसेत आहे, आणि हिंसा वस्तूबरोबर विरघळत नाही. सुश्रुताचा बाधेचा निकष शरीरापुरता पुरेसा आहे, पण तो या आक्षेपाला उत्तर देऊ शकत नाही. पदार्थ श्वासातून निघून गेला तरी त्यामागची कृती घडलेलीच राहते. अहिंसेला केवळ खाण्यापिण्याचा नियम समजणाऱ्यांना हा आक्षेप बारीकसारीक वाटेल, पण तत्त्व म्हणून तो इतर सर्व युक्तिवादांपेक्षा मजबूत आहे.

म्हणून शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी रुग्णाला त्याच्या भाषेत चार गोष्टी सांगितल्या गेल्या पाहिजेत: हाडात काय घातले जाणार आहे, ते कोणत्या प्राण्यापासून किंवा वनस्पतीपासून आले आहे, ते किती काळ राहील, आणि राहिले नाही तर कोणत्या वाटेने जाईल. महाराष्ट्रात जैन, मुस्लिम, वारकरी आणि मांसाहार वर्ज्य असलेली अनेक कुटुंबे एकाच दवाखान्याच्या बाकावर बसलेली असतात, आणि यांपैकी दुसऱ्या गोष्टीचा निर्णय त्यांच्या वतीने घेण्याचा अधिकार शल्यविशारदाला नाही.